लेखक लिहीत का राहतो?

माणूस पत्र का लिहितो, जमाखर्च का मांडतो, कचेरीत अर्ज का करतो, हे प्रश्न कोणी कोणास विचारीत नाही. कारण त्या लेखनाचा उपयोग उघडच असतो. परंतु जी माणसे कधी जन्मासच आली नाहीत त्यांचा वृत्तांत लिहिण्यात कोणी रात्रीमागून रात्री घालवू लागला, म्हणजे घरच्या मंडळींनाही त्याचे नवल वाटते. लेखन छापून आले तर ते नवल थोडे ओसरते. न आले तर त्याची थट्टा होते. तरीही असे लिहिणारी माणसे प्रत्येक गावात असतात. सोलापूरसारख्या शहरात, जेथे एका गल्लीत मराठी, दुसरीत तेलुगू आणि तिसरीत कानडी कानी पडते, तेथेही ती आहेत. कोणी नोकरी सांभाळून लिहितो. कोणी रात्री घरची आवराआवर झाल्यावर चार ओळी वहीत टिपून ठेवते. या माणसांच्या संबंधाने दोन प्रश्न उत्पन्न होतात. ती कथा-कादंबऱ्या लिहावयास प्रारंभ का करतात, हा पहिला. आणि निराशेची इतकी कारणे असताना ती लिहीत का राहतात, हा दुसरा. पहिल्याची उत्तरे पुष्कळ सापडतात. दुसऱ्याचे उत्तर शोधावे लागते.

आपल्याकडील साहित्यशास्त्राने या विषयाचा विचार फार पूर्वी केलेला आहे. अकराव्या शतकातील मम्मटाने आपल्या ‘काव्यप्रकाश’ ग्रंथात काव्याची सहा प्रयोजने सांगितली: कीर्ती, द्रव्य, व्यवहाराचे ज्ञान, अमंगलाचे निवारण, तत्काळ लाभणारा परमानंद आणि प्रिय पत्नीने द्यावा तसा गोडीने दिलेला उपदेश. यांपैकी ज्ञान, आनंद आणि उपदेश ही फळे मुख्यतः वाचकाच्या पदरात पडतात. लिहिणाराच्या वाट्याला राहतात ती कीर्ती, द्रव्य आणि अमंगलाचे निवारण. ही तीन कारणे मराठी कादंबरीच्या इतिहासावर घासून पाहिली, तर कोणते खरे उतरते आणि कोणते उतरत नाही, हे कळून येते.

द्रव्याचा निकाल लवकर लागतो. आधुनिक मराठी कादंबरीचे जनक म्हणून ज्यांचे नाव घेतात त्या हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि त्यात वर्षानुवर्षे कादंबऱ्या क्रमशः लिहिल्या. परंतु त्यांचा चरितार्थ पुण्याच्या आनंदाश्रम संस्थेतील व्यवस्थापकाच्या कामावर चालत होता. वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ पर्यंत शिरोड्यासारख्या लहान गावात शाळामास्तर होते. अण्णाभाऊ साठे यांना शाळेचा लाभ जवळजवळ झालाच नाही. तरी त्यांनी तीसहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या, त्यांतली ‘फकिरा’ १९५९ साली प्रसिद्ध झाली, आणि १९६९ साली त्यांचा अंत झाला तो दारिद्र्यातच. या तिघांची परिस्थिती, शिक्षण आणि समाज अगदी भिन्न होते. पैशासाठी लिहिणे हा जर त्यांचा हेतू असता, तर पहिल्या दोन-तीन पुस्तकांच्या हिशेबानंतर तिघांनीही लेखणी खाली ठेवावयास हवी होती. द्रव्याने लेखक क्वचित कामास लागतो. द्रव्याच्या अभावाने तो काम सोडीत नाही, एवढे तर यावरून सिद्ध होते.

आता कीर्ती. हे कारण अधिक चिवट आहे, आणि ते सर्वस्वी खोटे आहे असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. आपले नाव छापलेले पाहण्याची हौस प्रत्येक लिहिणाराला असते. परंतु मराठीत एक उदाहरण असे आहे की, ज्यात लेखिकेने पहिल्याच कथासंग्रहाच्या वेळी कीर्ती मुद्दाम नाकारली. आणि त्या उदाहरणाचा सोलापूर शहराशी फार जवळचा संबंध आहे.

१९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला. प्रकाशक ह. वि. मोटे होते आणि लेखिकेचे नाव विभावरी शिरूरकर असे होते. शिकलेल्या, मिळवत्या, परंतु वय वाढूनही अविवाहित राहिलेल्या मुलींच्या मनात काय चालते, घरच्यांना त्यांच्या पगाराची सवय झाल्यावर त्यांच्या लग्नाची घाई कशी कमी होते, त्यांच्या एकटेपणाला कोणीच कसे नाव देत नाही, हे त्या कथांत इतक्या उघडपणे आले होते की सुशिक्षित समाजात मोठी खळबळ उडाली. कोणी स्तुती केली, कोणी संतापले, आणि ही विभावरी शिरूरकर म्हणजे कोण, याचा शोध घराघरांत सुरू झाला. हे पुरुषाचेच लेखन असावे, असाही तर्क काहींनी लढविला. पुढे उलगडा झाला तो असा की, विभावरी म्हणजे बाळूताई खरे, घोडनदी-शिरूरच्या खरेमास्तरांची कन्या, हिंगण्याच्या कर्व्यांच्या संस्थेत शिकलेली आणि पुण्यात मुलींच्या शाळेत शिकविणारी. १९३८ साली विश्राम बेडेकरांशी विवाह झाल्यावर त्या मालतीबाई बेडेकर झाल्या.

येथे एक लहानशी परंतु अर्थपूर्ण गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ‘कळ्यांचे निःश्वास’ हे त्यांचे पहिले पुस्तक नव्हे. त्यापूर्वी ‘अलंकारमंजूषा’ आणि एका सहलेखकासह लिहिलेला ‘हिंदुव्यवहार धर्मशास्त्र’ असे शास्त्रीय स्वरूपाचे ग्रंथ त्यांनी लिहिले होते, आणि ते लिहिताना टोपणनावाची गरज त्यांना भासली नव्हती. हिंदू कायद्यातील स्त्रियांच्या हक्कांचा विचार स्वतःच्या नावाने करता येत होता. तेच दुःख कथेत सांगताना मात्र दुसरे नाव लागले. शास्त्राचा ग्रंथ नियम सांगतो, आणि नियम कोणा एकीचा नसतो. कथा एका मुलीविषयी असते, आणि ती मुलगी कोण हे वाचक लगेच विचारू लागतो. मुलींच्या शाळेतील शिक्षिकेने हे लिहिले असे कळले असते, तर तिला आणि तिच्यासारख्या सगळ्याजणींनाच लोकांच्या नजरेला तोंड द्यावे लागले असते. म्हणून तिने कीर्ती सोडली आणि बोलण्याचे स्वातंत्र्य घेतले. केवळ कीर्तीसाठी लिहिणारा हा सौदा कधीच पत्करणार नाही.

तेव्हा द्रव्यही नव्हे आणि कीर्तीही नव्हे, तर मग काय? याचे उत्तर त्यांच्या आयुष्याच्या पुढच्या टप्प्यात, सोलापुरात सापडते.

इंग्रज सरकारने १८७१ साली एक कायदा करून काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरविले. १९११ साली त्या कायद्याचा विस्तार होऊन तो मुंबई इलाख्यासही लागू झाला. गुन्हा केला असो वा नसो, त्या जमातीत जन्मलेल्या माणसाचे नाव नोंदले जाई, त्याला ठरलेल्या वेळी हजेरी द्यावी लागे, आणि परवान्यावाचून गाव सोडता येत नसे. अशा कुटुंबांना एकत्र ठेवण्यासाठी ज्या वसाहती उभारल्या त्यांना ‘सेटलमेंट’ म्हणत. सोलापूरची सेटलमेंट त्यांतील एक प्रमुख होती. भोवती तारेचे कुंपण, आत पारधी, कैकाडी, मांग-गारुडी इत्यादी जमातींची कुटुंबे. आणि शहरातील कापडाच्या गिरण्यांना हात हवे असल्यामुळे कुंपणातील पुष्कळ माणसे गिरणीत कामाला जात आणि पाळी संपताच कुंपणात परत येत. शहराच्या बोलण्यात तो भाग आजही ‘सेटलमेंट’ याच नावाने ओळखला जातो.

शिक्षिकेचे काम सोडल्यावर, १९३६ ते १९४० च्या दरम्यान, मालतीबाईंनी या वसाहतीत सरकारी अधिकारी म्हणून सुमारे तीन वर्षे काम केले. म्हणजे ज्यांच्या हाती नोंदवही होती, हजेरी होती आणि अहवाल पाठविण्याचा अधिकार होता, त्या पक्षात त्या होत्या. पुढे सुमारे दहा वर्षांनी, १९५० साली, त्याच वसाहतीच्या जीवनावरील त्यांची ‘बळी’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तो कायदा देशातून पूर्णपणे जावयास ३१ ऑगस्ट १९५२ हा दिवस उजाडावा लागला. ‘बळी’ त्याच्या दोन वर्षे आधीची.

प्रश्न असा पडतो की, ज्या व्यक्तीला अहवाल लिहिण्याची सोय होती, तिने कादंबरी का लिहावी? अहवाल वरिष्ठांकडे जातो, त्यावर हुकूम निघू शकतो. कादंबरीवर कोणताच हुकूम निघत नाही. व्यवहारदृष्ट्या अहवाल अधिक उपयोगाचा. परंतु अहवालाला रकाने असतात. किती कुटुंबे, किती पुरुष कामावर, किती मुले शाळेत, किती पळून गेले, किती परत आणले, हे त्या रकान्यांत बसते. हजेरीच्या वेळी बाप मुलादेखत रांगेत उभा राहतो तेव्हा त्या मुलाच्या मनात काय होते, याला रकाना नाही. सुधारण्यासाठी आणलेल्या माणसाला आपण सुधारलो हे सिद्ध करण्याची वाटच उरली नसेल, तर त्याचे काय होते, यालाही रकाना नाही. आणि सर्वांत अवघड गोष्ट ही की, जो अधिकारी दयाबुद्धीने कुंपणाच्या आत जातो आणि संध्याकाळी बाहेर येऊन आपल्या घरी जेवतो, त्याच्या जेवणात जो खडा लागतो, त्याला कोणत्याही सरकारी कागदावर जागा नसते.

कथा-कादंबरीचा जन्म बहुधा या न बसलेल्या शिलकेतून होतो. माणसाने जगात काही पाहिलेले असते, भोगलेले असते, कोणाकडून काही घेतलेले असते. त्याचा बराचसा भाग तो बोलून, वागून, रडून फेडतो. परंतु काही भाग कोणत्याही सरळ मार्गाने फिटत नाही. ते ऋण राहते. ज्याला असे ऋण राहते त्यातला प्रत्येकजण लेखक होत नाही. परंतु जो लेखक दीर्घकाळ लिहीत राहतो, त्याच्या लेखनाखाली असे एखादे ऋण बहुधा सापडते. कीर्तीची आणि द्रव्याची इच्छा वरच्या पाण्यासारखी आहे. उन्हाळा लागला की आटते. हा खालचा झरा आहे.

मालतीबाईंच्याच पुढच्या पुस्तकाने याची साक्ष पटते. १९५३ साली त्यांनी ‘खरेमास्तर’ हे पुस्तक लिहिले. त्याचा विषय त्यांचे वडील. मुलींना शिकवावे की नाही याचाच वाद चालू होता अशा काळात, एका सामान्य मास्तरने आपल्या मुलींना हिंगण्यास धाडले, आणि त्यापायी जे सोसावे लागले ते सोसले. असा पिता मुलीकडून आभाराचे शब्द मागत नाही, आणि मुलीलाही ते तोंडावर बोलवत नाहीत. पुस्तकात मात्र ते ऋण मांडता आले.

त्याच १९३३ साली, ज्या वर्षी ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध झाले, साने गुरुजी नाशिकच्या तुरुंगात होते. ९ फेब्रुवारीपासून अवघ्या पाच दिवसांत त्यांनी तेथे ‘श्यामची आई’ लिहून काढली. त्यांची आई १९१७ साली वारली होती. म्हणजे जे पुस्तक पाच दिवसांत लिहिले गेले असे सांगतात, ते वस्तुतः सोळा वर्षे मनात चालले होते. तुरुंगाने त्याला फक्त पाच दिवसांची सवड दिली. तेथेही सरळ आत्मचरित्र न लिहिता गुरुजींनी श्याम नावाचा मुलगा निर्माण केला आणि त्याच्याकडून रात्रीमागून रात्री आठवणी सांगविल्या. स्वतःच्या आईविषयी बोलतानाही माणसाला मध्ये एक पडदा लागतो. स्वतःच्या नावाने बोलताना जी भीड पडते, ती श्यामच्या तोंडून बोलताना पडत नाही.

मम्मटाने सांगितलेले अमंगलाचे निवारण हे तिसरे कारण अजून पाहावयाचे आहे. मयूर नावाच्या कवीचे उदाहरण त्याने दिले आहे. सूर्याची स्तुती रचून मयूर व्याधीतून मुक्त झाला, अशी त्याची आख्यायिका. आधुनिक वाचकाला ही गोष्ट भाबडी वाटेल. परंतु मराठीत तिच्या जवळ जाणारी एक खरी हकीकत आहे. द्वारकानाथ माधव पितळे नावाचा तरुण १९०५ साली सिंहगडावर शिकारीस गेला असता कड्यावरून खाली पडला आणि त्याच्या शरीराचा खालचा भाग कायमचा लुळा झाला. वय तेवीस वर्षे. या माणसाने अंथरुणावर पडल्या पडल्या वाचन केले, आणि मग लिहावयास घेतले. १९०८ साली त्याची ‘प्रेमवेडा’ ही पहिली कादंबरी आली. नाथमाधव या नावाने पुढे दोन दशके तो लिहीत राहिला. ‘वीरधवल’ आणि शिवकालावरील त्याच्या कादंबऱ्या महाराष्ट्रातील मुलांनी दिव्याच्या उजेडात चोरून वाचल्या. मयूराची व्याधी गेली असे म्हणतात. नाथमाधवांचे पाय परत आले नाहीत. परंतु ज्याला खोलीबाहेर जाता येत नव्हते, त्याची घोडी सह्याद्रीच्या खिंडींतून दौडत राहिली. लेखनाने दुःख नाहीसे होत नाही, पण दुःखात बसलेल्या माणसाला काम मिळते, आणि ज्याला काम आहे तो सर्वस्वी हरलेला नसतो. मम्मटाच्या यादीतील हे कारण आजही खरे उतरते.

एवढ्यावरून आरंभाची कारणे बरीचशी कळली. आता दुसरा प्रश्न. ऋण आहे, वेदना आहे, तरी पुष्कळजण पहिल्या पुस्तकानंतर थांबतात. काही थांबत नाहीत. हा भेद कशाने पडतो?

प्रथम हे मान्य केले पाहिजे की, थांबणे हा नेहमीच पराभव नसतो. मालतीबाईंचे पती विश्राम बेडेकर यांनी १९३९ साली ‘रणांगण’ ही कादंबरी लिहिली. युरोपातून हिंदुस्थानाकडे येणाऱ्या एका बोटीवर जर्मनीतून हाकलले गेलेले ज्यू प्रवासी आणि एक मराठी तरुण यांची ती कथा. महायुद्धाच्या तोंडावर लिहिलेली ही छोटी कादंबरी आजही वाचली जाते. बेडेकरांनी नंतर चित्रपट केले, नाटके लिहिली, फार उशिरा आत्मचरित्र लिहिले. परंतु ‘रणांगण’च्या तोडीची दुसरी कादंबरी त्यांनी दिली नाही. एकाच घरात एकाचे ऋण एका कादंबरीत फिटले आणि दुसऱ्याला अनेक पुस्तके लागली. यात अधिक-उणे ठरविण्याचे कारण नाही. जे सांगावयाचे होते ते सांगून झाल्यावर गप्प बसण्याला सुद्धा धैर्य लागते.

जे लिहीत राहतात त्यांना टिकविणाऱ्या गोष्टी मात्र पाहू गेल्यास फार साध्या दिसतात. पहिली गोष्ट म्हणजे मुदत. ‘करमणूक’ दर आठवड्यास निघावयाचे होते, आणि वाचक पुढच्या प्रकरणाची वाट पाहात असत. तेव्हा हरिभाऊंना प्रेरणेची वाट पाहात बसण्याची सोयच नव्हती. ‘पण लक्षांत कोण घेतो!’ ही यमूच्या तोंडून सांगितलेली कहाणी याच साप्ताहिकातून वाचकांपुढे आली. त्या नावात लिहिणाराचीही तक्रार भरलेली आहे. लक्षात कोणी घेत नाही अशी शंका मनात असतानाच हरिभाऊंनी पुढचे प्रकरण लिहिले, कारण ते छापखान्यात द्यावयाचे होते. मुदत ही लेखकाची शत्रू आहे असे वाटते; परंतु पुष्कळ वेळा तीच त्याची आधारकाठी असते. ज्याला संपादकाची मुदत नाही त्याने स्वतः ती घालून घ्यावी लागते, आणि स्वतःशी केलेला करार मोडणे सोपे असल्यामुळे बहुतेक वह्या तेथेच अर्ध्या राहतात.

दुसरी गोष्ट म्हणजे एक वाचक. हजार नव्हेत, एक. काशीबाई कानिटकर यांना लग्नानंतर, घरातील वडील माणसांच्या नजरा चुकवीत, अक्षरे गिरवावी लागली. तरी त्यांनी कथा लिहिल्या, आनंदीबाई जोशी यांचे चरित्र लिहिले, आणि ‘रंगराव’ ही कादंबरी लिहिली, जी १९०३ साली पुस्तकरूपाने आली. हरिभाऊ आपट्यांशी त्यांचा स्नेह होता आणि दोघांत लेखनाविषयी पत्रव्यवहार चाले. आपले लिहिलेले कोणीतरी गंभीरपणे वाचील, त्यातील उणे सांगील, आणि पुढे काय झाले असे विचारील, एवढा भरवसा असला की माणूस पुष्कळ दूर चालतो. घरातील लिहिणाऱ्या माणसाला मोठे बक्षीस देणे कोणाच्या हाती नसते. परंतु ‘पुढे काय झाले?’ असे विचारणे प्रत्येकाच्या हाती आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे मौन सोसण्याची तयारी. खांडेकरांची ‘क्रौंचवध’ १९४२ साली आली, आणि त्यानंतर सुमारे एक तपभर त्यांची कादंबरी प्रसिद्ध झाली नाही. १९५९ साली ‘ययाति’ प्रसिद्ध झाली, आणि त्याच कादंबरीमुळे १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार प्रथमच मराठीला मिळाला. मधल्या वर्षांत लोकांनी त्यांना संपलेले म्हटले असेल, तर तो लोकांचा दोष नव्हे. बाहेरून पाहणाऱ्याला पडीक रान आणि पेरलेले रान पावसाआधी सारखेच दिसते. सोलापूर जिल्ह्याच्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगावयास नको. येथली ज्वारी पावसाळा सरता सरता पेरतात आणि ती जमिनीत मुरलेल्या ओलीवर वाढते. वर पाणी दिसत नाही, तरी पीक उभे राहते.

या विवेचनावर एक रास्त आक्षेप घेता येईल. मालतीबाईंनी ‘बळी’ लिहिली हे खरे. परंतु त्या कुंपणाबाहेरच्या. त्यांचे ऋण हे अधिकाऱ्याचे ऋण. कुंपणाच्या आतल्या माणसाचे काय? त्याची गोष्ट दुसऱ्याने का सांगावी? हा आक्षेप टाळण्याजोगा नाही, आणि त्याचे उत्तर कोणा समीक्षकाने दिलेले नाही. ते काळाने दिले. स्वातंत्र्यानंतर ज्यांच्या पूर्वजांना लिहू दिले नव्हते तीच माणसे लिहू लागली. सोलापूर जिल्ह्यातील अक्कलकोट तालुक्याच्या हन्नूर गावचे शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ हे आत्मकथन १९८४ साली आले. गुन्हेगार म्हणून शिक्का मारलेल्या समाजात जन्मलेले लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ साली आले आणि त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. विभावरीने नाव लपविले होते. या लेखकांनी आपले नाव, आपली जात आणि आपल्या आईची हकीकत उघडपणे मांडली. जगाने ज्याला नावच दिले नाही किंवा शिवी म्हणून दिले, त्याला टोपणनावाची चैन परवडत नाही. त्याला आधी आपले खरे नाव उच्चारावे लागते.

परंतु पुढे काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. आत्मकथनाने गाजलेल्या लिंबाळे यांनी नंतर कादंबऱ्याही लिहिल्या. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘सनातन’ या कादंबरीला सरस्वती सन्मान मिळाला. स्वतःची हकीकत सांगून झाल्यावरही शिल्लक राहिलीच. आपल्या आधी जे जगले आणि ज्यांनी काहीच लिहून ठेवले नाही, त्यांचे काय, हा प्रश्न आत्मकथनात मावत नाही. त्यांच्यासाठी कल्पनेने पात्रे उभी करावी लागतात. अधिकारी कुंपणाबाहेरून आला आणि लेखक कुंपणाच्या आतून, परंतु दोघांनाही अखेरीस कादंबरीच्याच दाराशी यावे लागले. ज्यांच्याविषयी कागदपत्र नाही, किंवा असलेले कागदपत्र केवळ हजेरीचे आहे, त्यांना न्याय देण्याचा दुसरा मार्ग भाषेजवळ नाही.

तेव्हा घरी जपून ठेवलेली अर्धी वही ज्या कोणाजवळ असेल, त्याने आपणांस मान मिळेल काय, पैसा मिळेल काय, हे प्रश्न विचारून स्वतःस शिणवू नये. त्यांची उत्तरे बहुधा नकारार्थीच येतात, आणि ती आली तरी मोठ्या लेखकांनीही लेखणी ठेवली नाही, हे वर पाहिलेच आहे. त्याने स्वतःला एवढेच विचारावे की, ही वही अपुरी राहिली तर कोणाची गोष्ट सांगावयाची राहील? उत्तर ‘कोणाचीच नाही’ असे प्रामाणिकपणे आले, तर वही बंद करण्यात कमीपणा नाही. जगात करण्याजोगी दुसरी चांगली कामे पुष्कळ आहेत. परंतु उत्तरात एखादा चेहरा दिसला, मग तो वारलेल्या आईचा असो, एकट्या राहिलेल्या बहिणीचा असो, गिरणी बंद पडल्यावर उंबऱ्यात बसून राहिलेल्या बापाचा असो, की एखाद्या अनोळखी माणसाचा असो, तर त्याला वाट पाहावयास लावू नये.

सोलापूरच्या वसाहतीभोवतीची तार निघून गेली. तो कायदा गेला, हजेरी गेली, आणि ज्यांनी ती घेतली व ज्यांनी ती दिली त्यांपैकी बहुतेक आज हयात नाहीत. नोंदवह्यांत त्यांची नावे असतील, तीही क्रमांकासह. परंतु त्या माणसांना राग कशाचा येत होता, लाज कशाची वाटत होती आणि आशा कशाची होती, हे आजच्या वाचकाला जाणून घ्यावयाचे झाले, तर त्याला कोणत्याही कचेरीत जाऊन भागणार नाही. वाचनालयात जाऊन विभावरी शिरूरकरांची ‘बळी’ मागावी लागेल.